पांघरुणावरचे क्रौंच

दर आठवड्याला या पानावर मी एखादा शब्द किंवा एखादी म्हण घेऊन तिची साल काढीत बसतो आणि वाचकही मोठ्या मनाने ते सहन करतात. दिवाळी अंकात मात्र संपादक थोडी जागा वाढवून देतात आणि 'काहीतरी गोडाधोडाचे लिहा' असे बजावतात. यंदा मी एका पांघरुणाविषयी लिहिणार आहे. ते जपानातले आहे, निळे आहे, आणि सध्या आमच्या दिवाणावर घडी घालून ठेवलेले आहे. त्याच्याकडे पाहिले की मला एक कबुली द्यावीशी वाटते. ती शेवटी देईन. आधी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय मास्तर माणसाला राहवत नाही.

आमची भाची मुक्ता ओसाकाला नोकरी करते. तुळशीची लग्ने लागली की तिचेही लग्न आहे. नवरामुलगाही तिकडेच असतो, तेव्हा संसार तिथेच होणार. गणपतीत ती सुट्टीवर आली, तेव्हा एक गाठोडे माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मामा, हे तुला."

गाठोडे सोडले. आतून गडद निळ्या सुती कापडाचा एक मोठा चौकोन निघाला. चार पट्ट्या शेजारी शेजारी शिवलेल्या. एकेक पट्टी जेमतेम दीड वीत रुंद. मध्यभागी एक गोल चिन्ह, वर पंख पसरलेले दोन क्रौंच, खाली एक कासव, आणि भोवती पाइनची फांदी, बांबू आणि प्लमची फुले. सारे पांढऱ्या रेषांत, मध्येच फिका निळा आणि एक विटकरी तांबडा. पण कडेची पट्टी चुकीच्या जागी लागलेली होती. कासवाची शेपटी भलत्याच ठिकाणी जाऊन बांबूला चिकटली होती.

"शिवणारीचं लक्ष नव्हतं वाटतं," आमच्या सौ. म्हणाल्या.

"लक्ष होतं, मामी," मुक्ता म्हणाली. "पांघरूण धुवायचं म्हणजे पूर्वी ते उसवायचे, आतला कापूस काढायचे आणि पट्ट्या धुऊन पुन्हा शिवायचे. मधली पट्टी जास्त झिजते. ती झिजली की कडेला लावायची आणि कडेची मध्ये आणायची. चित्र बिघडलं तरी चालेल, पांघरूण टिकलं पाहिजे."

क्योतोत तोजी नावाचे जुने मंदिर आहे. दर महिन्याच्या 21 तारखेला त्याच्या आवारात मोठा बाजार भरतो. तिथे एका ढिगात मुक्ताला हे सापडले. विकणारा म्हणाला, इझुमोकडच्या कुणा नवरीचे असावे. कोणत्या नवरीचे, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

या रंगाईला जपानीत 'त्सुत्सुगाकी' म्हणतात. नळीने केलेले रेखाटन, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे रंगारी कापडावर रंग चढवतो; इथे पहिले काम रंग कुठे चढू द्यायचा नाही ते ठरवण्याचे. चिकट तांदळाचे पीठ आणि तांदळाचा कोंडा शिजवून त्याची खळ करायची, तीत थोडा चुना आणि मीठ घालायचे. ही खळ कागदाच्या कोनात भरायची. कोनाचा कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या 'काकी' फळाचा तुरट रस त्याला पाजलेला, म्हणजे तो ओला होऊन फाटत नाही. आमच्या सौ. हे ऐकून लगेच म्हणाल्या, "म्हणजे मेंदीचा कोनच की!" अगदी तोच. फरक एवढाच, की मेंदी जिथे लागते तिथे रंगते, आणि ही खळ जिथे लागते तिथे कापड कोरे राहते.

आधी चित्राची आखणी एका निळ्या फुलाच्या रसाने करतात. हे फूल आपल्या पावसाळी केन्याच्या जातीचे. त्याचा रंग पाण्याने साफ निघून जातो, म्हणून आखणीची खूण मागे राहत नाही. त्या आखणीवरून कारागीर कोन दाबत रेषा ओढतो. जिथे तांबडा किंवा काळा हवा असेल तिथे सोयाबीनच्या दुधात कालवलेला रंग भरायचा आणि त्यावरही खळ लिंपून तो झाकून टाकायचा. मग कापड निळीच्या रांजणात. बाहेर काढल्यावर ते हिरवट दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. पुन्हा बुडवायचे, पुन्हा वारा द्यायचा. जो भाग फिका निळा हवा, त्याला थोड्या बुडकुल्यांनंतर खळीखाली दडवायचे आणि बाकीचे कापड बुडवत राहायचे. शेवटी सारे वाहत्या पाण्यात धुतात. खळ सुटते आणि तिच्याखाली जपलेला पांढरा क्रौंच वर येतो.

हे सगळे हवेवर अवलंबून. पाऊस आला की काम खोळंबले. त्यामुळे जपानीत 'रंगाऱ्याचा परवा' अशी एक म्हणच आहे. तो परवा कधी उजाडत नाही. दुसरी म्हण 'रंगाऱ्याची पांढरी विजार'. लोकांचे कपडे रंगवता रंगवता त्याला स्वतःची विजार रंगवायला सवड होत नाही. हे रंगारी ज्या बौद्ध देवतेला भजत, तिचे नाव 'आइझेन'. नावाचा उच्चार निळीच्या रंगाईशी जुळतो, म्हणून ती त्यांची देवता झाली. पण मराठीच्या मास्तराला खरा आनंद झाला तो तिचे मूळ संस्कृत नाव वाचून. ते आहे 'रागराज'. आपण राग म्हणजे संताप समजतो. संस्कृतात मात्र राग म्हणजे रंग, आणि राग म्हणजे प्रेमही. कापडाला लागतो तो राग आणि मनाला लागतो तो अनुराग. लग्नाचे पांघरूण रंगवणाऱ्याला याहून योग्य देव कोणता मिळणार?

आता त्या चित्रांकडे वळू. आपल्या दारातल्या रांगोळीत गोपद्म असते, स्वस्तिक असते, लक्ष्मीची पावले असतात. ती शोभेसाठी काढतात असे कुणी म्हणणार नाही. तसेच हे आहे. क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशी तिकडची समजूत. आपल्याला क्रौंच म्हटला की व्याधाचा बाण आठवतो आणि वाल्मीकींचा शोक. तिथे तो दीर्घायुष्याचा पक्षी. कासव इतके म्हातारे, की त्याच्या पाठीवर शेवाळ वाढून मागे झुलते. ते दिसते गवताच्या इरल्यासारखे, आणि कासवाचे नावही 'इरलेवाले कासव' असेच आहे. पाइन कडाक्याच्या थंडीतही हिरवा राहतो, बांबू वाकतो पण मोडत नाही, आणि प्लम बर्फ वितळायच्या आधीच फुलतो. अक्षतांसारखी ही तिघे नेहमी बरोबर येतात.

काही पांघरुणांवर मोठे झिंगे असतात. झिंग्याची पाठ वाकलेली, म्हणून 'पाठ वाके तोवर जगा' असा त्याचा आशीर्वाद. काहींवर खजिन्याच्या वस्तू असतात: हव्या त्या वस्तू देणारी मोगरी, अंगावर घेताच माणूस अदृश्य होईल असे इरले, कोठाराची किल्ली, पैशांची थैली आणि त्यांच्याच पंक्तीला लवंग! आपण मसाल्याच्या डब्यात टाकतो ती लवंग तिथे समुद्रापलीकडून यायची, म्हणून तिची गणना खजिन्यात. तान्ह्या मुलाच्या कपड्यांवर तागाच्या पानाची चांदणीसारखी नक्षी असते. तागासारखे सरळ आणि भराभर वाढ, हा तिचा अर्थ.

कापसाने भरलेले बाह्यांचे एक अवाढव्य पांघरूणही त्यांच्याकडे असे. त्याच्या पाठीवर ही चित्रे मोठी काढीत, म्हणजे झोपलेल्या माणसावर रात्रभर क्रौंचाचे पंख पसरलेले राहावेत. त्या पांघरुणाचे नाव 'योगी'. जपानीत त्याचा अर्थ रात्रीचे वस्त्र एवढाच; तरी योगी अंगावर घेऊन संसारी माणसे झोपत, हे वाचून मला हसू आवरले नाही.

गाठोडे बांधायचा चौकोनी रुमाल म्हणजे 'फुरोशिकी'. फुरो म्हणजे स्नान आणि शिकी म्हणजे अंथरणे. सार्वजनिक स्नानगृहात लोक हा रुमाल अंथरून त्यावर कपडे बदलीत आणि त्यातच बांधून घरी नेत, म्हणून हे नाव. वळणावळणांनी पसरत जाणाऱ्या वेलीची हिरवी फुरोशिकी तिथे घरोघरी असे; वेल तुटत नाही, तसा वंश तुटू नये. पण हीच फुरोशिकी जपानी विनोदी चित्रांत चोराच्या पाठीवर दिसते. कारण असे सांगतात, की चोर रिकाम्या हाताने येई आणि त्या घरातलीच फुरोशिकी घेऊन तिच्यात त्या घरातलेच सामान बांधून नेई. वंशवेलीचा असाही उपयोग.

इझुमो हे जपानच्या पश्चिमेकडचे, समुद्राकाठचे पुरातन क्षेत्र. तिथले देवस्थान लग्नगाठी जुळवणारे. जुन्या चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात, म्हणजे आपल्या कार्तिकाच्या आसपास, देशभरचे देव तिथे जमतात आणि कुणाची गाठ कुणाशी बांधायची ते ठरवतात, अशी श्रद्धा आहे. त्या महिन्याला इतरत्र 'देव नसलेला महिना' म्हणतात आणि इझुमोत 'देव असलेला महिना'. आपल्याकडे त्याच सुमारास तुळशीचे लग्न लागते आणि मुहूर्त सुरू होतात. देवांच्या सभेचा निकाल इकडे लवकर पोचत असावा.

या इझुमोत मुलीचे लग्न ठरले की आईबाप रंगाऱ्याकडे जात. लहानमोठ्या फुरोशिकी, पांघरुणाचे कापड, सामानावर घालायचे आच्छादन, असा तिचा रुखवतच तिथे रंगे. मध्यभागी जे गोल चिन्ह काढीत, ते मुलीच्या माहेरचे कुलचिन्ह. मला यात सर्वांत अप्रूप वाटले ते याचे. मुलगी सासरी गेली, नाव बदलले, देवघर बदलले. पण रात्री अंगावर घ्यायच्या कापडावर माहेर राहिले. पश्चिम जपानात काही घराण्यांत तर आईचे चिन्ह मुलीकडे आणि मुलीचे नातीकडे जाते. आमच्या पांघरुणावरचे चिन्ह तीन पानांचे आहे. मुक्ता म्हणाली, ही आंबुशी. कुंडीत उगवली तर आपण उपटून टाकतो तीच. कितीही उपटा, पुन्हा येते. म्हणून जपानातल्या कित्येक घराण्यांनी तिला आपल्या चिन्हाचा मान दिला.

वाचकांना वाटेल, हे सारे फार दूरचे. पण या पांघरुणाच्या धाग्यादोऱ्यात आपणही आहोत. जपानच्या जुन्या बखरीत इ. स. 799 ची एक नोंद आहे. मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक लहान होडी लागली. तीत विशीतला एक परका तरुण होता आणि त्याच्याजवळ कापसाचे बी होते. भाषा शिकल्यावर तो आपल्याला 'तेन्जिकू'चा म्हणवू लागला. तेन्जिकू म्हणजे भारत. बी पेरले, पण ते पीक तिथे टिकले नाही. कापूस खऱ्या अर्थाने रुजला तो पुढे सात-आठशे वर्षांनी. तरीही आज आइची प्रांतातल्या निशिओ गावी 'तेन्जिकू देऊळ' आहे आणि त्यात त्या होडीवाल्याला कापसाचा देव मानून पुजतात. तोवर सामान्य माणसाच्या अंगावर तागाची नि झाडाच्या सालीची वस्त्रे असत. त्यामुळे कापूस भरलेले पांघरूण ही केवढी ऊब आणि केवढी श्रीमंती होती, ते लक्षात यावे. पांघरुणातला विटकरी तांबडाही तसाच. लोखंडाच्या मातीच्या त्या रंगाला जपानीत 'बेंगारा' म्हणतात. तो शब्द बंगालवरून आला.

देणे होते तसे हिरावणेही होते. 1893 साली मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये जपानी कंपनीची जहाजे सुरू झाली. त्यामागे जमशेटजी टाटांची खटपट होती. त्या जहाजांतून आपला कापूस जपानच्या गिरण्यांकडे चालला. 1896 साली जपानने कापसावरची आयात जकात उठवली आणि तिथल्या शेतकऱ्याचा कापूस बसला. त्याच काळात आपल्याकडची नीळ जाऊन तिथल्या आवा प्रांतातल्या निळीच्या बाजारात उभी राहिली. पण दोघींनाही फार दिवस सुख नव्हते. 1897 साली जर्मनीची कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली. आपल्याकडे 1917 साली गांधीजी चंपारणला गेले, तेव्हा निळीचे मळेवाले याच पडत्या धंद्याचा बोजा रयतेवर टाकीत होते. तिकडे आवाचे रांजण एकामागून एक कोरडे पडले. गिरणीची छापील कापडे आली, तयार गाद्या आल्या, आणि गावोगावचे रंगारी उठले. आज हे काम करणारी घरे थोडी उरली आहेत. इझुमोत आहे, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ही कापडे कुणी विणली, कुणी रंगवली, त्यांवर नाव नसते. यानागी सोएत्सु (1889–1961) या विचारवंताने नेमकी तीच गोष्ट मोलाची मानली. नाव न लावता, रोज वापरण्यासाठी, साध्या माणसांनी केलेल्या वस्तूंतले सौंदर्य त्याने लोकांना दाखवले आणि 1936 साली तोक्योत त्यांच्यासाठी संग्रहालय उघडले. आज ही पांघरुणे तिथे काचेआड आहेत. बाकीची तोजीच्या बाजारात ढिगाने विकली जातात. म्हातारी आई गेली, घर रिकामे करायचे झाले, मुलांच्या शहरातल्या दोन खोल्यांत जागा नाही. की निघाले पांघरूण बाहेर.

इथे माझी कबुली येते.

पांघरूण माझ्या हाती देऊन झाल्यावर मुक्ता म्हणाली, "मामा, लग्नात तू पिवळी साडी देणार, ते रीतीप्रमाणे दे. पण मला खरं हवंय ते वेगळंच. आजीची गोधडी दे. तिकडे थंडी फार असते."

आजी म्हणजे माझी आई. तिने ती गोधडी आपल्या नऊवारी लुगड्यांची शिवली होती. वर इरकल, मध्ये काळी चंद्रकळा, आत वडिलांचे धोतर, आणि एका कोपऱ्यात माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचे ठिगळ. मी तिच्याखाली वाढलो. मुक्ता आजोळी आली की ती गोधडी तिची असे. त्या ठिगळावर गाल ठेवून ती झोपायची.

मी म्हणालो, "बघतो."

बघण्यासारखे काही उरले नव्हते. तीन वर्षांपूर्वी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा गोधडी जड वाटली, जुनाट वाटली, नव्या पलंगावर शोभेना. सौ. म्हणाल्याही, "राहू द्या हो." पण माझाच टापटिपीचा उत्साह दांडगा. दारावर बोहारीण आली, आणि दोन जुन्या शर्टांबरोबर ती गोधडीही मी तिच्या हवाली केली. बदल्यात स्टीलचा एक डबा मिळाला. झाकण घट्ट बसते की नाही, ते मी तीनतीनदा पाहून घेतले होते. वर्गात लोकवाङ्मय शिकवताना ओवीतल्या गोधडीवर गहिवरून बोलणारा हाच तो मास्तर.

बरेच दिवस मी टोलवाटोलवी केली. दसऱ्याच्या दिवशी सोने द्यायच्या निमित्ताने ताईकडे फोन केला, तेव्हा मुक्तालाही तिकडून जोडून घेतले आणि सांगून टाकले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मामा, ते पांघरूण विकणाऱ्या जपानी माणसाला मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, सांगू? आईचं लग्नाचं पांघरूण विकायला जीव कसा झाला, म्हणून." आणि थोड्या वेळाने, "डब्यात काय ठेवता?"

"चिवडा," मी म्हणालो.

आता त्या डब्यावर काही बोलणे व्यर्थ आहे. जपानी रंगारी आधी काय जपायचे ते ठरवतो आणि मग कापड रांजणात घालतो. मी घर बदलताना आधी रांजणात हात घातला. खळ लावायची राहून गेली ती राहूनच गेली.

पण ताई माझ्याहून शहाणी आहे. तिने दुसऱ्याच दिवशी कपाट उघडले आणि आपल्या तीन मऊ झालेल्या साड्या काढल्या. एक मुक्ताच्या बारशातली, एक शाळेत नोकरीला लागली तेव्हाची, एक उगीचच आवडती. सध्या आमच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली आहे आणि फराळ बाजूला ठेवून ताई आणि सौ. समोरासमोर बसून धावदोरा घालताहेत. निळे पांघरूण दिवाणावर आहे. अधूनमधून दोघी त्यातल्या हुकलेल्या कासवाकडे पाहतात आणि आपला टाका वाकडा गेला तरी उसवत नाहीत. मध्यभागी काय काढायचे यावर वाद झाला. आपल्याला कुलचिन्ह नाही. शेवटी मुक्ताने फोनवरून आंबुशीची तीन पाने मागितली.

माझ्याकडे सुईत दोरा ओवून देण्याचे काम आहे. काल ताईने कोपऱ्यात लावायला माझ्या पँटचे कापड मागितले. खाकीच हवे म्हणाली. पँट अजून बरी होती, कॉलेजात घालण्यासारखी. मी काही न बोलता कात्री आणून दिली.